चौथा गडी

साखर पेठेतला बोल्लींचा कारखाना बंद पडला
त्याला झाली सात वर्षं.
मागांच्या जागी आता चार खुर्च्या, एक टीव्ही,
भिंतीवर खडूनं: तासाला तीस. उधार नाही. शिवी नाही.
फरशीत बोल्टांची भोकं अजून तशीच.
माझ्या मागाची कुठली, ते मी अंधारातही पायानं सांगेन.

मी आलो होतो नरहरीला जेवायला बोलवायला.
तो म्हणाला, थांब की नाना, राजमल्लू नाही,
सुरतेला गेला घरच्यांसोबत,
चौथा गडी नसला तर खेळ चालूच होत नाही.
आणि हातात दिलं ते काळं यंत्र.
त्याच्या एका दांडीला राजमल्लूनं सूत गुंडाळलेलं,
घामानं अंगठा निसटू नये म्हणून.
दोन पदरी, वीस नंबरचं. बोटाला कळतं.

खेळ असा, की चार बुटके, गुबगुबीत,
आणि त्यांच्या चौपट एक चेंडू.
तो ढकलत न्यायचा. चढ, पूल, फिरते दांडे, मग उतार,
उताराच्या तळाशी भोक.
पलीकडच्या वाटेवर तसेच दुसरे चार,
कुठल्या गावचे कोण जाणे,
त्यांचा चेंडू पिवळा, आमचा निळा.

मी जांभळा. माझ्या डोक्यावर अननस.
लाजू नको, नरहरी म्हणाला, टोपी राजमल्लूची आहे.

तोय्यी, तोय्यी!
गुरुसिद्ध ओरडला, तळ्ळू!
जुबेर म्हणाला, मामा, धकेलो ना!
मी तोंड मिटून ढकलत होतो.
मागावर उभ्या माणसाला बोलायची सवय राहत नाही.
चेंडूला तिन्ही भाषा कळत असाव्यात,
पण आम्ही चौघं चार बाजूंना,
तो जागच्या जागी गरगरत राहिला
आणि पिवळा गेला पुढं.

चढावर मला बीम आठवला.
सायझिंगवरून हातगाडीत घालून आणायचो, सुतानं गच्च,
मागं तिघे लागायचे, ताकदीचे.
पुढं एक. तो अकलेचा.
उतार लागला की त्यानं वळून पाठ लावायची,
नाहीतर बीम गाडीसकट आपल्या मनानं जातो.
आमच्यात पुढं व्यंकटी असायचा.
त्याचा डावा पाय अजून पाऊस यायच्या आधी बोलतो.

तर उतार आला, आणि मी मागून निघालो,
चेंडूला वळसा घालून पुढं जाऊन उभा राहिलो.
काय करतोय बे! नरहरी ओरडला,
मग जीभ चावली.
नाना, उलटा ढकलतोयस तू!
मी दांडी सोडली नाही.
चेंडू माझ्या अननसावर रेलला,
हळू झाला, सरळ झाला,
एकेक पाऊल मला मागं सारत खाली येऊ लागला.
पलीकडं पिवळा सुसाट सुटला, कड्यावर आपटला
आणि उडून ढगात गेला.
त्याचे चौघे आपापल्या टोप्या धरून बघत राहिले.

भोकात आधी मी पडलो. मग चेंडू.

जिंकलो म्हणे.
पोरं खुर्चीवर उभी राहिली, जुबेरनं शिट्टी घातली,
पडद्यावर कागदाचे तुकडे उडाले.
मग हिशेब लागला, कोणी किती ढकललं त्याचा:
नरहरी बेचाळीस, गुरुसिद्ध एकतीस, जुबेर सत्तावीस.
माझ्यापुढं शून्य.

पोरं पोट धरून हसली. मीही हसलो.
मुकादमाच्या वहीत तरी वेगळं काय असायचं?

दांडीवरच्या सुताचं टोक सुटलं होतं.
खिशातला तुकडा काढून मी सांधा दिला,
अंगठा आणि दोन बोटं, बघावं लागलं नाही.
राजमल्लू परत आला तर त्याला गाठ लागणारही नाही हाताला.

घरी भाकरी गार होत होती.
अजून एक, मामा? जुबेरनं विचारलं.
मी खिसा चाचपला.
सूत होतं. तिसातले वीस होते.
भिंतीवर लिहिलेलं परत एकदा वाचलं.